शॉपफ्लोअर सोडून रिक्रूटमेंट कन्सल्टंट झालेलं कुणी आहे का इथे?

सुलभा चिंचवड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

नवरा टूलरूममध्ये (कारखान्यात साचे आणि डाय बनवतात तो विभाग) आहे, वय ४४. डिप्लोमा झाल्यावर भोसरीला लागला, आता चाकणला प्रेस टूलच्या एका कंपनीत मॅनेजर आहे. काम आवडतं, पगार बरा आहे, पण कंपनीचं प्लांट परराज्यात हलवायचं घाटतंय आणि आम्हाला पुणं सोडता येणार नाही (मुलगी नववीत, सासूबाईंचं डायलिसिस इथे चालू). त्याचा एक जुना सहकारी मध्यंतरी नोकरी सोडून रिक्रूटमेंट कन्सल्टंट झाला. ऑटो आणि इंजिनिअरिंग कंपन्यांना माणसं मिळवून देतो. तो आता मागे लागलाय, "ये माझ्याबरोबर, अर्ध्या चाकणला तू नावाने ओळखतोस."

मला या लाइनची काडीची माहिती नाही. मी बालवाडीत शिकवते आणि मला कन्सल्टंटचा आलेला एकमेव फोन 'सिनियर नेटवर्क इंजिनिअर'साठी होता. तर असं करिअर बदलून यात शिरलेलं कुणी आहे का इथे? दिवसभर नेमकं काय करतात? पैसे कोण देतं आणि कधी? आणि फोनवर चार वाक्यांच्या वर न बोलणाऱ्या माणसाने यात पडावं का?

झंप्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कन्सल्टंट लोकांवर भडास काढायला इथे रांग लागणार.

पश्चिमवारा

रांगेत पहिला मी.

सुलभाताई, राग मानू नका, पण ही दलाली आहे. मी सिव्हिलवाला, रिझ्युमेवर पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय, तरी मला जावाचे फोन येतात. तेही सोडा. गेल्या वर्षी एका कंपनीत खरंच जायचं होतं. एका कन्सल्टंटने कंपनीचं नाव न सांगता 'लीडिंग इन्फ्रा क्लायंट' म्हणून माझा सीव्ही पुढे पाठवला. दुसऱ्याने त्याच जागेसाठी मला विचारून पाठवला. एकच माणूस दोन एजन्सींकडून आला म्हणून कंपनीने मला बादच केलं. दोघांनीही नंतर फोन उचलला नाही. ज्यांना मी माल वाटतो, त्यांच्या धंद्यात चांगल्या माणसाने का जावं?

अण्णा निवृत्त

आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज होतं. मॅट्रिक झालो की पहिलं काम, कार्ड काढायचं. वेळेत नूतनीकरण केलं नाही तर सीनिऑरिटी गेली. १९५९चा कायदा होता, २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कारखान्यांनीसुद्धा रिकाम्या जागा तिथे कळवायच्या. कळवायच्या फक्त, तिथूनच माणूस घ्यायची सक्ती नव्हती, त्यामुळे जे व्हायचं ते झालं. माझं कार्ड अजून कपाटात आहे. कॉल आला तेव्हा मी नोकरीत कायम होऊन दोन मुलांचा बाप झालो होतो.

झंप्या

अण्णा, म्हणजे फॉलो-अप न करण्याची परंपरा जुनीच आहे तर. (हलकेच घ्या.)

गेजब्लॉक

सुलभाताई, हात वर करते. मी तुमच्या यजमानांच्याच गल्लीतली. डिप्लोमा मेकॅनिकल, मग क्वालिटीत नोकरी, आधी भोसरी, नंतर चाकण. गेली काही वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे, फक्त मॅन्युफॅक्चरिंगसाठी. पश्चिमवारा यांना उत्तर देईनच, पण आधी तुमचं.

कशी आले ते सांगते. कंपनीत सीएनसी ऑपरेटर, लाइन इन्स्पेक्टर यांचे इंटरव्ह्यू असले की एचआर मला शेजारी बसवायचे. मी टेबलावर एक मायक्रोमीटर आणि एक टर्न केलेली पिन ठेवायचे आणि म्हणायचे, "डायमीटर सांगा." लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वात लहान माप) विचारत नसे, ०.०१ मिमी हे सगळ्यांना पाठ असतं. मी हात बघायचे. ज्याने खरंच लाइनवर दिवस काढलेत तो आधी पिन पुसतो, मग मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसतो, बंद करून शून्य जुळतंय का बघतो, आणि रॅचेट धरून टक टक होईपर्यंतच फिरवतो. ज्याने नुसतं सर्टिफिकेट आणलंय तो थिंबल धरून करकचून आवळतो आणि तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतो. एका मिनिटात निकाल.

२०१९ला ऑटोत मंदी आली, ब्लॉक क्लोजर (काही दिवस प्लांट बंद ठेवणं) सुरू झाले. शिफ्ट कमी, कॉन्ट्रॅक्टवरची मुलं घरी. आम्हाला माणसं देणारी एक बाई होती, तिने तेव्हा विचारलं, माझ्याकडे येतेस का? बेसिक आधीच्या पगाराच्या निम्म्याहून कमी, वर इन्सेंटिव्ह. घरच्यांनी वेड्यात काढलं. गेले.

आता दिवस कसा जातो ते. क्लायंटकडून जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, कामाचं वर्णन) येतो. हा जेडी कुणीतरी कुठूनतरी चिकटवलेला असतो, त्यात 'डायनॅमिक' आणि 'गुड कम्युनिकेशन' असतं आणि कामाचं काही नसतं. 'टूलरूम इंजिनिअर हवा' म्हणजे काय? प्लास्टिक मोल्ड की प्रेस टूल? प्रेस टूल असेल तर प्रोग्रेसिव्ह की ट्रान्सफर? डिझाइन करणारा हवा की ट्रायआउटला प्रेसखाली वाकून बर (पत्र्याच्या कडेला राहणारी धारदार कोर) का येतेय ते शोधणारा हवा? हे एचआरला माहीत नसतं, म्हणून डिपार्टमेंट हेडला फोन लावायचा. तो कायम मीटिंगमध्ये. त्याच्याकडून खरी गरज काढली की निम्मं काम झालं. मग पोर्टलवर शोध, जुन्या वह्या, ओळखी. फोन. पुष्कळ फोन. बहुतेक उचलत नाहीत, जे उचलतात ते शिफ्टमध्ये असतात, पाठीमागे प्रेस धडधडत असतो. मग लाइनअप, म्हणजे इंटरव्ह्यू ठरवणं. इंटरव्ह्यूच्या सकाळी "निघालात का?" हा फोन. "हो हो, नाशिक फाट्याला आलोय" म्हणणारा माणूस अंथरुणातून बोलतोय हे आता मला आवाजावरून कळतं.

आणि ऑफर लेटर आल्यावर खरा जीव टांगणीला लागतो. त्यावर नंतर लिहिते, चहा ठेवलाय.

मिरचीभजी

एक नंबर प्रतिसाद. पण ताई, हे सगळं पुण्याकडचं. आमच्याकडं गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीत मोल्डर नि फेटलर कन्सल्टंटकडनं येत न्हाईत. मुकादमाला सांगायचं, दोन दिसात चार पोरं हजर. त्यातलं एक पळतं, तीन टिकतात. मायक्रोमीटर बियक्रोमीटर काय न्हाई, घमेलं उचलून दाखीव म्हणायचं.

गेजब्लॉक

मिरचीभजी, बरोबर आहे तुमचं. त्या थरावर काम कॉन्ट्रॅक्टर किंवा मुकादमाचंच. आमची गरज सुपरवायझर, इंजिनिअर आणि त्याच्या वर. पण कागलच्याच एका फाउंड्रीसाठी मेथड इंजिनिअर शोधताना माझ्या नाकी नऊ आले होते. रनर-रायझर (साच्यात वितळलेला धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा) कुठे किती द्यायचा हे अनुभवाने कळलेला माणूस मिळाला की मालक त्याला सोडत नाही, आणि तो पोर्टलवर रिझ्युमे टाकत नाही. असा माणूस ओळखीतूनच मिळतो. सुलभाताईंच्या यजमानांची किंमत तिथे आहे.

केतकी पान

मी उलट्या बाजूची, एका कंपनीत टॅलेंट अॅक्विझिशनला आहे. पश्चिमवारा यांचा अनुभव दुर्दैवाने नेहमीचा आहे. दोन एजन्सींकडून एकच सीव्ही आला की आमच्याकडे 'हा कँडिडेट कुणाचा' यावरून भांडण लागतं. करारात बहुतेक वेळा असं असतं, की ज्याने आधी पाठवला त्याची त्या नावावर सहा महिने मालकी. त्या कटकटीत पडायला नको म्हणून काही मॅनेजर सरळ नाव बाजूला ठेवतात. चूक आहे, पण होतं.

यावर उपाय सोपा: कन्सल्टंटने कंपनीचं नाव आणि लोकेशन सांगितल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही, आणि होकार मेलवर द्यायचा. चांगला कन्सल्टंट स्वतःच तसा मेल मागतो.

पश्चिमवारा

केतकी, माहितीबद्दल आभार. पण बघा, पाळायचे सगळे नियम उमेदवाराने. नाव विचारा, मेल करा, फोन करा. फी घेणारा मात्र मोकळा.

शिरीष नाशिक

मी दोन कन्सल्टन्सींची अकाउंट्स बघतो, त्यामुळे पैशाचं मी सांगतो. सुलभाताई, हे यजमानांना नीट वाचायला द्या.

फी कंपनी देते. इंजिनिअरिंगमध्ये बहुतेक ठिकाणी वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला पडणाऱ्या एकूण पगाराच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. वरच्या जागांना साडेबारा, कधी १६.६७ टक्के. माणूस जॉइन झाला तरच. पन्नास सीव्ही पाठवले, आठ इंटरव्ह्यू झाले, पण जॉइनिंग झालं नाही तर मिळकत शून्य.

आता ९ लाखांची एक जागा धरा. फी साधारण ७५ हजार. मार्चमध्ये सिलेक्शन झालं. एप्रिलमध्ये ऑफर लेटर. नोटीस पीरियड दोन-तीन महिने, म्हणजे जॉइनिंग जुलैत. बिल जुलैअखेर. क्रेडिट ४५ दिवस लिहिलेलं असतं, हातात पडतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, टीडीएस कापून. मार्चमध्ये केलेल्या कामाचे पैसे दसऱ्याला. त्यात रिप्लेसमेंट क्लॉज: ६० किंवा ९० दिवसांत माणूस सोडून गेला तर फुकटात दुसरा द्यायचा.

जीएसटी १८ टक्के. सेवा देणाऱ्यांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण मोठ्या कंपन्या जीएसटी नंबर नसेल तर व्हेंडर कोडच उघडत नाहीत. आणि नोंदणी केली की क्लायंटने पैसे देवोत न देवोत, बिल फाडलं की कर भरायचा. माझ्या एका अशिलाने याच पायी ओव्हरड्राफ्ट घेतलाय.

एक करा: उद्यम नोंदणी. २००६च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि २०२३च्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीनंतर मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. तेव्हापासून मार्च महिन्यात माझ्या अशिलांना क्लायंटचे आपणहून फोन येतात. वर्षातला एकच महिना, पण येतात.

सुलभा चिंचवड

बाप रे. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शिरीष, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. मित्राने मार्च-दसऱ्याचं हे गणित काढलंच नव्हतं, तो फक्त 'एका क्लोजरला पाऊण लाख' म्हणाला होता.

मोगरा

सगळं गुलाबी होऊ नये म्हणून लिहिते. मीपण करिअर बदलून यात गेले होते. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधून. वाटलं, माणसं हाताळायची सवय आहे, जमेल. एजन्सी मोठी होती. रोज इतके कॉल, इतके सीव्ही, संध्याकाळी एक्सेल भरून टीम लीडला पाठवायचं. त्या शीटमध्ये 'माणूस कसा वाटला' असा रकानाच नव्हता. हॉटेल इंडस्ट्रीची माझी जी ओळख होती, तिचा पत्ताही लागला नाही, कारण मला बसवलं बँकेच्या सेल्स हायरिंगला. इन्सेंटिव्ह जॉइनिंगनंतर तीन महिन्यांनी, आणि तोवर आपण सोडलं तर बुडालं. मी सोडलं, बुडालं.

गेजब्लॉक यांना चांगली मालकीण भेटली. सगळ्यांना भेटत नाही.

गेजब्लॉक

मोगरा, शंभर टक्के मान्य. आधीचा धंदा ज्या कामात उपयोगी पडतो तिथेच बदलाला अर्थ आहे. मला आयटीचं हायरिंग दिलं असतं तर मी महिन्याभरात पळाले असते. फोनवर मायक्रोमीटर देता येत नाही, तरी मला प्रश्न माहीत आहेत. क्वालिटीवाल्याला मी एवढंच विचारते, "शेवटची कस्टमर कम्प्लेंट काय होती?" ज्याने खरंच ८डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय मांडणारा आठ पायऱ्यांचा अहवाल) लिहिलाय तो थांबतच नाही. कुठला पार्ट, कुठल्या शिफ्टला, गो गेज घासलं होतं की ऑपरेटरने बघितलंच नव्हतं, कस्टमरच्या गेटवर उभं राहून किती पेट्या सॉर्ट केल्या, सगळं सांगतो. आणि शिव्या घालतो. ज्याने रिझ्युमेत नुसतं '८डी, पीपीएपी, आयएटीएफ १६९४९' लिहिलंय तो "वी फॉलो द प्रोसेस" म्हणतो.

सीएनसी सेटरला विचारायचं, जी ५४ मध्ये काय भरतोस? वर्क ऑफसेट कसा घेतो ते तो हाताने हवेत दाखवतो, फोनवर असला तरी. मला दिसत नाही, पण "असं, असं" ऐकू येतं.

हे एजन्सीतल्या बावीस वर्षांच्या बीबीए मुलीला विचारता येत नाही. तिचा दोष नाही, तिला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून पश्चिमवारांना जावाचा फोन जातो: शोधाच्या खिडकीत 'प्रोजेक्ट' टाकलं, त्यांच्या सीव्हीत 'प्रोजेक्ट' सापडलं.

आता दलालीचं. पश्चिमवारा, मी तुम्हाला गोड उत्तर देणार नाही. आमचा क्लायंट कंपनीच आहे, उमेदवार नाही. पैसे तिकडून येतात.

पश्चिमवारा

हे कुणीतरी स्पष्ट म्हणालं याबद्दल खरंच बरं वाटलं. मग पगाराच्या टक्क्यांवर फी असते तर तुम्ही आमचा पगार वाढवून घ्याल असं जे सांगतात, ते कितपत खरं?

गेजब्लॉक

हिशेब करा ना. शिरीषभाऊंचंच उदाहरण. तुमचा पगार ९चा १० लाख केला तर माझी फी सव्वाआठ हजारांनी वाढते. ताणाताणीत ऑफरच मोडली तर माझे ७५ हजार जातात. मग मी काय करेन? "साडेनऊला हो म्हणा, कंपनी चांगली आहे" म्हणेन. बहुतेक कन्सल्टंट तेच म्हणतात. म्हणून पगाराचं बोलणं आमच्यावर सोपवून निर्धास्त होऊ नये. त्या जागेला बाजारात काय चाललंय हे मात्र आम्हाला नक्की माहीत असतं, ते विचारून घ्यावं.

झंप्या

आयटीवाला हजर. आमच्याकडे गंमत वेगळी. नोटीस ९० दिवस. म्हणजे ऑफर हातात घेऊन तीन महिने फिरायचं आणि तीवर दुसरी, दुसरीवर तिसरी ऑफर. २०२२च्या जून तिमाहीत इन्फोसिसचाच अॅट्रिशन २८.४ टक्के होता (म्हणजे नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण), बाकीच्यांचंही तेच चाललेलं. माझ्या टीममध्ये एक जण जॉइनिंगच्या सकाळी लॅपटॉप घ्यायला येतो म्हणाला, तो अजून येतोय. तेव्हाच्या रिक्रूटरची दया यायची. आता बाजार पडल्यावर तेच रिक्रूटर आमच्या मेसेजला दोन निळ्या टिका देऊन गप्प.

केतकी पान

झंप्या, त्याच तीन महिन्यांसाठी कन्सल्टंटला खरे पैसे मिळतात असं मी म्हणेन. गेजब्लॉक, तुम्ही लिहिणार होतात ना त्यावर?

गेजब्लॉक

हो, चहाच्या नादात राहिलं. ऑफर दिल्यापासून जॉइनिंगपर्यंत मी दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून फोन करते. राजीनामा दिला का, मेलवर दिला की तोंडी, साहेब काय म्हणाले. तोंडी दिला म्हणजे दिलाच नाही. साहेब "बसून बोलू" म्हणाले की समजायचं काउंटर ऑफर (थांबवायला जुन्या कंपनीने वाढवून दिलेला पगार) येतेय. मग घरचं. आमच्या धंद्यात निर्णय पुष्कळदा कँडिडेट घेतच नाही, त्याची बायको घेते किंवा वडील. रांजणगावची नोकरी आणि घर निगडीत, तर बसचा पहिला स्टॉप किती वाजता हे मीच शोधून सांगते. एका गड्याचं जॉइनिंग फक्त कंपनीची बस त्याच्या चौकात थांबत नव्हती म्हणून अडलं होतं. ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलून स्टॉप वाढवून घेतला. तो आज तिथे सेक्शन हेड आहे आणि दिवाळीला न चुकता मेसेज करतो.

मिरचीभजी

म्हंजे हे वधूवर सूचक मंडळच की! पत्रिका, बघाबघी, देणंघेणं, आणि ऐन मांडवात नवरदेव पळाला तर दुसरा उभा करायचा.

अण्णा निवृत्त

मंडळात फी दोन्ही पक्षांकडून घेतात. इथे एकाच पक्षाकडून आहे. उपमा बाद.

बुटीबोरीकर

इथं तर भाऊ कँडिडेटकडूनच घेऊन राहिले. आमच्या भागात एका एजन्सीनं पोरांकडून 'रजिस्ट्रेशन' म्हणून पाचशे-पाचशे घेतले, प्लांटच्या गेटवर नेऊन उभं केलं आणि गायब. गेटवाल्याला पत्ताच नाही. पोरं आयटीआयची, गरीब घरची. त्याईनं कोणाकडं जावं?

गेजब्लॉक

बुटीबोरीकर, भारतातल्या भारतात नोकरीसाठी उमेदवाराने एक रुपयाही द्यायचा नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, गणवेश, मेडिकल, कुठल्याही नावाने मागितले तरी नाही. सरळ पोलीस तक्रार. आणि ऑफर लेटर जीमेलच्या पत्त्यावरून आलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरचा लँडलाइन काढून खात्री करा. आयटीआयवाल्यांना मी महास्वयम पोर्टल आणि जिल्ह्याचं कौशल्य विकास, रोजगार केंद्र सांगते. अण्णांच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचंच ते नवं रूप.

दुबईकर

आखाताचा नियम वेगळा, म्हणून भर घालतो. परदेशी पाठवणाऱ्या एजंटला १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडे नोंदणी लागते. तो कामगाराकडून सेवाशुल्क घेऊ शकतो, पण कमाल ३०,००० रुपये अधिक जीएसटी, आणि पावती देऊन. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर असते. इथे लेबर कॅम्पमध्ये लाख-दीड लाख देऊन आलेली मुलं भेटतात. गावातल्या सब-एजंटने घेतलेले असतात, आणि त्या सब-एजंटची कुठेच नोंद नसते. व्हिजिट व्हिसावर 'तिथे गेल्यावर बदलून देतो' म्हणाला की तिथूनच मागे फिरायचं.

ओहायोकर

अवांतर: इकडे अमेरिकेत कायम नोकरीच्या जागेला पहिल्या वर्षाच्या पगाराच्या २०-२५ टक्के फी सर्रास घेतात. आणि मला फोन करणारा 'माइक' पुण्यात रात्रपाळीला बसलेला असतो. परवा मीच विचारलं, "काय रे, जेवलास का?" दोन सेकंद शांतता, मग म्हणाला, "हो दादा, डबा होता. तुमचं डब्ल्यू टू की सी टू सी?" (म्हणजे पगारी नोकरी की कंपनीच्या नावाने कंत्राट.)

झंप्या

ओहायोकर, माइकला माझा नमस्कार सांगा.

केतकी पान

विषय निघालाच आहे तर एक अवघड प्रश्न. गेजब्लॉक, तुमचे क्लायंट 'मुलगी नको' म्हणतात का? माझ्या आधीच्या ठिकाणी मॅनेजर तोंडी सांगायचे: नुकतं लग्न झालेली नको. २०१७ला प्रसूतिरजा २६ आठवडे झाली त्यानंतर हे वाढलं. मेलवर अर्थातच कुणी लिहीत नाही.

गेजब्लॉक

म्हणतात. शॉपफ्लोअरला तर 'शिफ्ट आहे, नको' हे ठरलेलं उत्तर. मी स्वतः शिफ्ट केल्यात, हे ऐकून समोरचा जरा गडबडतो. मी नावं पाठवते. नाकारलं तर कारण मेलवर मागते. मेलवर कारण येत नाही, इंटरव्ह्यूची वेळ येते. दर वेळी नाही. काही क्लायंट यामुळे गेले, त्यातला एक चांगला पैसे देणारा होता.

मोगरा

हे आवडलं. आमच्याकडे टीम लीड म्हणायची, क्लायंटला जे हवं ते फिल्टर लाव.

पश्चिमवारा

माझं मत शंभर टक्के बदललेलं नाही. पण गेजब्लॉक सिव्हिलमध्ये असत्या तर मी सीव्ही पाठवला असता, एवढं म्हणतो.

शिरीष नाशिक

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ प्रश्नाकडे येऊ का? सुलभाताई, पुढे काय झालं?

सुलभा चिंचवड

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला अख्खा धागा वाचायला दिला. त्याने मायक्रोमीटरचा परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाला, "ही बाई कुठल्या कंपनीत होती विचार." बाकी काही बोलला नाही. हा त्याच्याकडून मोठा प्रतिसाद आहे.

त्याच्या तीन शंका आहेत. एक, न बोलणाऱ्याला जमेल का. दोन, आताच्या कंपनीतली माणसं फोडून दुसरीकडे द्यावी लागतील का, ते त्याला करायचं नाही. तीन, मित्र 'पार्टनर' म्हणतोय पण कागदावर काही नाही.

गेजब्लॉक

यजमानांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, बहुधा आम्ही एकाच व्हेंडरकडे ऑडिटला जात होतो.

पहिलं: बोलघेवडे या धंद्यात पुष्कळ आहेत. टूलरूमवाल्याशी टूलरूमवाल्यासारखा बोलणारा मिळत नाही. चार वाक्यांतलं एक वाक्य बरोबर प्रश्नाचं असलं की समोरचा पुढचं सगळं बोलतो. ज्याला नकार ऐकून घ्यायची सवय नाही त्याचे हाल होतात, त्याचा विचार करा. मॅनेजर माणसाला "नंतर करा" म्हणून फोन कापणारी विशीतली पोरं सोसायला वेळ लागतो. मला लागला.

दुसरं: आताच्या कंपनीतली माणसं अजिबात उचलायची नाहीत. नेमणूकपत्रात त्याबद्दल कलम असेल तर ते वकिलाला दाखवा. नसलं तरी नाही. चाकण लहान आहे. आज माणूस फोडलात तर उद्या तोच एचआर दुसऱ्या कंपनीत तुमचा क्लायंट म्हणून समोर येतो.

तिसरं: मित्राकडून दोन कागद मागा. कुणाकडून किती येणं आहे आणि किती दिवसांपासून, ती यादी. आणि गेल्या वर्षी किती रिप्लेसमेंट द्यावी लागली ती. हे दाखवायला कां-कूं केलं तर पार्टनरशिपचं पुढे बोलूच नका. दाखवलं तर करारावर टक्केवारी, आणि पहिले काही महिने ठरावीक रक्कम.

आणि नोकरी लगेच सोडू नका. प्लांट हलायला वेळ लागतो, यंत्रं हलवण्यापेक्षा परवानग्यांना जास्त. तोवर कंपनीची लेखी परवानगी घेऊन शनिवारी मित्रासाठी टेक्निकल इंटरव्ह्यू घ्या. इंटरव्ह्यूमागे पैसे ठरवा. मित्राचे बाकीचे कन्सल्टंट जे सीव्ही आणतील त्यातले खोटे यजमान पाच मिनिटांत बाजूला काढतील. क्लायंटला 'आमच्याकडे टूलरूमचा माणूस बघून देतो' हे सांगता आलं की मित्राला फी ८.३३च्या वर मागता येईल, आणि मग यजमानांचा वाटा किती हे बोलायला त्यांच्याकडे काहीतरी असेल.

शिरीष नाशिक

+१. आणि वर्षभराचा घरखर्च एफडीत बाजूला असल्याशिवाय पूर्णवेळ उडी नको. सासूबाईंच्या डायलिसिसचा खर्च आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम यांचं काय होणार ते आधी बघा. नोकरी सुटली की ते कव्हर जातं. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी करून घेता येते का, हे राजीनाम्याच्या आधी विचारायचं.

सुलभा चिंचवड

मेडिक्लेमचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद शिरीष, तो मोठा मुद्दा आहे. सध्या तरी शनिवारचं इंटरव्ह्यूचं काम करून बघायचं ठरतंय. मित्राला त्या दोन कागदांबद्दल विचारलं, तो म्हणाला सीएला सांगतो. बघू.

झंप्या

'सीएला सांगतो' म्हणजे दसरा.

मिरचीभजी

गेजब्लॉकताई, एक इचारू? आमचा मेहुणा व्हीएमसी (सीएनसी मिलिंग मशीन) सेटर हाय, शिरोलीला. पुण्याला यायचं म्हणतोय. हितंच बायोडेटा टाकू काय?

गेजब्लॉक

इथे नको, नंबर-पत्ता सगळ्यांना दिसेल. व्यनि करा. आणि मशीनचा कंट्रोल (कॉम्प्युटर) फानुक चालवलाय की सीमेन्स, ते त्याला विचारून लिहा. "दोन्ही" म्हणाला तर फोन त्याच्याच हातात द्या.